मुळशीचे धरण कोणी बांधले?

हिंजवडीच्या आयटी पार्कातून पौडच्या दिशेने निघाले, की थोड्याच वेळात मुळशीच्या जलाशयाचे पाणी दिसू लागते. पावसाळ्यात तेथे सहलीला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना सेनापती बापट हे नाव ठाऊक असते. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच पाण्याखाली गेलेल्या गावांच्या लढ्याने दिली. मात्र या इतिहासातला एक मोठा जमाव नेहमी निनावी राहतो. नोटीस पोहोचवणारे, मोजणीची साखळी ओढणारे, पहारा देणारे, दगड वाहणारे. हा धागा त्यांच्याविषयी आहे.

आधी प्रसंग थोडक्यात. मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून, पाणी पश्चिमेकडे वळवून मुंबईसाठी वीज निर्माण करण्याची टाटा कंपनीची योजना होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकार कंपनीच्या पाठीशी उभे राहिले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी कामाच्या जागी ठाण मांडले. बापट, विनायकराव भुस्कुटे आणि शेकडो शेतकरी पुढे तुरुंगात गेले. १९२४ पर्यंत झुंज चालली. धरण झालेच.

आता प्रश्न असा, की ते ‘झाले’ म्हणजे कोणाच्या हातांनी झाले? आणि त्या हातांविषयी आज आपण काय बोलावे?

आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले ‘गद्दार’. दुसरे ‘पोटासाठी करावे लागते’. मला दोन्ही आळशी वाटतात. दोन्हींत आज्ञा पाळणाऱ्यांची एकच रास केली जाते. मग ती रास जाळायची की माफ करायची, एवढेच उरते.

माझ्या मते पहिला प्रश्न असा असावा: नकार दिला असता तर त्या माणसाचे काय झाले असते?

हा प्रश्न किती निर्णायक असतो, याचे एक भीषण उदाहरण पोलंडमधले आहे. १३ जुलै १९४२ रोजी युझेफूव गावी जर्मन राखीव पोलिसांच्या १०१ क्रमांकाच्या तुकडीला ज्यू स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना गोळ्या घालण्याचा हुकूम मिळाला. तुकडीचा प्रमुख मेजर ट्राप याने आधीच सांगितले, की ज्या वयस्क शिपायांना हे झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावे. सुमारे ५०० जणांतून त्या क्षणी पुढे आले ते जेमतेम डझनभर. त्यांना शिक्षा झाली नाही. म्हणजे उरलेल्यांना ‘नाइलाज होता’ हे म्हणण्याची सोय राहत नाही.

अर्थात मुळशी म्हणजे युझेफूव नव्हे, आणि गुन्ह्यांची तुलना मला करायचीही नाही. कसोटी मात्र इथेही लावता येते, आणि लावली की ती रास विस्कटते.

सर्वांत खाली गावचा महार वतनदार. सरकारी निरोप, कागद, वसुली यांसाठी धावणे हे त्याचे पिढीजात बंधन होते. १८७४ च्या वतन कायद्याने ते पक्के केले होते आणि मोबदला नगण्य होता. नकार दिला तर वतन जाई. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते उगाच नव्हे. नोटीस घेऊन दारात उभ्या राहिलेल्या अशा माणसाला ‘सरकारचा हस्तक’ म्हणणे, ही शिवी ज्याने त्याला तेथे उभे केले त्या व्यवस्थेला वाचवणारी आहे.

मजुरांचेही जवळपास तेच. १९१८ मध्ये पावसाने दगा दिला, त्याच वर्षी इन्फ्लुएंझाने घरे ओस पाडली. त्यानंतरच्या दख्खनमध्ये रोजंदारी ही निवड नव्हती.

कारकून, मोजणीदार, फौजदार यांच्यापाशी आले की माझा सूर बदलतो. असहकाराच्या हाकेने त्या दिवसांत सरकारी नोकरी सोडणे हा खुला मार्ग झाला होता. त्याच एप्रिलमध्ये सुभाषचंद्र बोस यांनी आयसीएसचा राजीनामा दिला. प्रत्येकाने सुभाषबाबू व्हावे अशी अपेक्षा मी करणार नाही. पण दार होते आणि ते दिसत होते, एवढे तर नोंदवावेच लागेल.

आणि सावकार? मुळशी पेट्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांतल्या अनेकांनी आरंभी लढ्याला साथ दिली आणि मग नुकसानभरपाईचा हिशेब पटताच पाय काढला. राजेंद्र व्होरा यांनी या फुटीचा बारकाईने अभ्यास केला आहे. या मंडळींवर कोणाचा हुकूम नव्हता, उपासमारीची टांगती तलवार नव्हती. तरी ‘गद्दार’ हा शब्द आपण खर्च करतो तो रोजावरच्या माणसावर!

खुद्द बापटांनाही हा पेच सुटला असे मला वाटत नाही. १९२४ च्या अखेरीस त्यांनी रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली, सात वर्षांची शिक्षा भोगली. त्यांच्याविषयी नितांत आदर बाळगूनही म्हणतो, गाडीवर टाटा नव्हते, गव्हर्नरही नव्हते. होती ती पगारी माणसे.

हे सारे लिहिताना मी तटस्थ नाही. माझे आजोबा एका भूसंपादन कचेरीत कारकून होते. मुळशीचा संघर्ष सुरू असतानाच, १९२३ मध्ये, त्या कायद्यात ५-अ हे कलम आले आणि जमीनमालकाला ३० दिवसांत हरकत घेण्याचा हक्क मिळाला. आजोबांच्या काळात तो हक्क कागदावर होता. निरक्षर शेतकऱ्याला मात्र कोणीतरी सांगितल्याशिवाय तो कळणे अशक्य. आजोबा नोटीस वाचून दाखवत, मुदतीची तारीख बोटावर मोजून सांगत. मी लहानपणी हे अभिमानाने ऐकत असे. एम.ए.ला आल्यावर विचारले, “सगळ्यांना सांगायचात?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब बरोबर नसले तर.”