झाड आणि औषध यांमधील अंतर

कुंपणाशी फुलणाऱ्या सदाफुलीपासून कर्करोगावरील औषध निघते, ही गोष्ट आता घरोघर ठाऊक झाली आहे. गोष्ट खरी आहे. मात्र तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष पुष्कळदा घातक ठरतो. औषध सदाफुलीत आहे, तर रोज सकाळी तिची चार पाने चावून खाल्ली म्हणजे झाले, असे सांगणारे हितचिंतक आमच्या नेपानगरात आहेत, तसे आपल्याही गावी असतील. म्हणून झाडापासून औषधापर्यंतचे अंतर किती असते, याचा थोडा विचार करू.

आपल्याच तापीच्या खोऱ्यातील एका संशोधकाचे उदाहरण घ्यावे. १९२५ साली नंदुरबार येथे जन्मलेले डॉ. मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून अमेरिकेस गेले व तेथे डॉ. मनरो वॉल यांचे सहकारी झाले. त्यांच्या गटाने १९६६ मध्ये मूळच्या चीनमधील एका वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध केली. परंतु कॅम्प्टोथेसिन रोग्यांना देऊन पाहताच त्याचे दुष्परिणाम इतके तीव्र दिसले की ते काम थांबवावे लागले. ते पेशीत नेमके कोठे आघात करते, हे १९८५ मध्ये कळले. आणि त्यात रासायनिक बदल करून सिद्ध केलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये. टॅक्सॉलसाठी यूची साल १९६२ मध्ये गोळा केली होती. औषध म्हणून त्यास मान्यता मिळण्यास १९९२ साल उजाडले. दोहोंनाही तीस तीस वर्षे लागली!

सदाफुलीची कथाही अशीच आहे. मधुमेहावरील घरगुती उपाय म्हणून तिचा अभ्यास कॅनडात सुरू झाला. प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरली नाही. पांढऱ्या पेशी मात्र घटल्या, आणि त्या धाग्यावरून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिनचा शोध जाहीर झाला. पाठोपाठ आलेले व्हिन्क्रिस्टिन आज लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते. त्याच्या एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. ते शिरेतून, मिलिग्रॅमच्या हिशेबाने देतात. मात्रा चुकली तर मज्जातंतूंना गंभीर इजा होते. मग चार पानांत औषध किती आले आणि विष किती, हे कोणी सांगावे?

आमच्या परिसरातील सलईचेही तेच. तिच्या लाकडाच्या लगद्यापासून येथील कारखान्याने वृत्तपत्राचा कागद काढला; आयुर्वेदाने तिचा डिंक शल्लकी म्हणून सांधेदुखीवर वापरला. त्या डिंकातील आम्लांचा परिणाम प्रयोगशाळेतील कर्करोगाच्या पेशींवर दिसला आहे. परंतु काचेच्या बशीतील पेशी मरणे वेगळे आणि माणूस बरा होणे वेगळे. सलईपासून कर्करोगावरील मान्यताप्राप्त औषध अद्याप झालेले नाही.

या अर्धवट माहितीची किंमत झाडेही मोजतात. सह्याद्रीतील नरक्यात कॅम्प्टोथेसिन आहे, हे १९७२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पुढे मागणी वाढताच त्या झाडाची चोरटी तोड सुरू झाली.

आपल्या परंपरेतील वनस्पतिज्ञानाविषयी मला पूर्ण आदर आहे. संशोधकांना वाट पुष्कळदा त्यानेच दाखविली. तथापि घरात कोणास न दुखणारी गाठ आढळली, तोंडातील चट्टा भरून येईना, तर काढ्यात महिने दवडू नयेत. रोग आवाक्यात असतो तो याच महिन्यांत. प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. आणि उपचार चालू असताना एखादा पाला घ्यावासा वाटलाच, तर तो त्यांना सांगून, विचारूनच घ्यावा. सदाफुली अंगणात अवश्य असू द्यावी, पण फुलांसाठी.