पोट दुखते म्हणणारा पोरगा

रोवणीच्या दिवसांत आमच्या गोंदिया जिल्ह्यात वर्गातली दोन-चार बाकं रिकामी दिसली, तरी गुरुजी मनावर घेत नाहीत. पोरं बांधीत गेली असतील, म्हणतात. पण ओळखीतल्या घरचा दहावीतला पोरगा रोवणी आटोपून महिना झाला तरी शाळेत जाईना. सकाळ झाली की त्याचं पोट दुखायचं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं ठीक. बापानं निकाल दिला, ‘कामचोर झाला हा!’ आजी म्हणाली, ‘बाहेरचं लागलं.’ लिंबूही उतरवून झालं. पोराला विचारलं मात्र कोणीच नाही.

रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो जागा असायचा. क्रिकेट सुटलं होतं. बहिणीनं जेवायला हाक मारली तरी अंगावर धावून जायचा. या वयातलं नैराश्य रडत येईलच असं नाही. पुष्कळदा ते रागाच्या, नाहीतर दुखऱ्या पोटाच्या वाटेनं येतं आणि ‘वयच तसं आहे’ म्हणून खपून जातं. वयाची चिडचिड मित्र आले की निवळते. झोप, भूक, खेळ, दोस्त सगळंच दोन आठवडे बिघडलेलं असेल, तर वयाला दोष देऊ नये. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या शंभरातल्या सातेक मुलांना मानसिक आजार आढळला होता. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात चार.

पूर्वी मनाचा डॉक्टर म्हटला की नागपूर, आणि नागपूरला नेलं की गावभर बोभाटा. आता गोंदियातच 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तापासाठी चिठ्ठी काढतो तशीच मानसोपचाराची काढावी. तेही जड वाटलं तर 14416 हा टेली-मानसचा फोन रात्रंदिवस, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

पोरगा ‘मी नसलो तर बरं’ असं बोलला, तर त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यायचं मनात येते का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट पोरगा मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि धानावरच्या तुडतुड्यांसाठी आणलेली फवारणीची बाटली घरातून हलवा. ती आपल्याकडे बहुधा दाराआडच उभी असते.