दोर धरणारा

'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत शौर्याचा द्योतक मानला जातो. इ. स. १६७० मध्ये सिंहगडावर तानाजी मालुसरे धारातीर्थी पडल्यावर मावळ्यांचा धीर सुटू लागला, तेव्हा सूर्याजीने कड्यावरचे दोर कापल्याचे सांगून त्यांना माघारी फिरविले, ही कथा ज्याने ऐकली नाही असा महाराष्ट्रीय विद्यार्थी विरळा. त्या प्रसंगी ते योग्यच होते. परंतु धाडस म्हणजे दोराची पर्वा न करणे, असा समज त्या कथेवरून आपल्या मुलांनी करून घेतलेला दिसतो. प्रस्तुत लेखकाचे मत याच्या उलट आहे. शाळकरी मुलाने शिकण्यासारखे पहिले धाडस दोर कापण्याचे नव्हे, तर दुसऱ्यासाठी दोर धरण्याचे होय; आणि ते शिकविणारा एक उत्तम खेळ उपलब्ध असता आपण पालक व शिक्षक त्याला भिऊन दूर ठेवीत आहो.

हा खेळ म्हणजे प्रस्तरारोहणाचा एक अर्वाचीन प्रकार. १९८० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये त्याचा विशेष उत्कर्ष झाला, आणि २०२१ साली टोकियो येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत क्रीडा-आरोहणास प्रथमच स्थान मिळाले. याचे नैसर्गिक मार्ग पुष्कळदा आखूड असतात. चाळीस-पन्नास फुटांचा कडाही पुरतो. खडकात अंतराअंतरावर भोके पाडून पोलादी बोल्ट पक्के बसविलेले असतात. चढणारा आपल्या कमरपट्ट्याला आठाच्या दुहेरी गाठीने दोर बांधतो, आणि वाटेत बोल्ट आला की त्यात कडी अडकवून तिच्यातून दोर ओवीत वर जातो. दोराचे दुसरे अंग खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या कमरेवरील अटकाव-साधनातून गेलेले असते. तो चढणाऱ्याच्या गतीने दोर सोडतो आणि पाय सुटताच आवळून धरतो. या कामाला गिर्यारोहक 'बिले देणे' म्हणतात.

कित्येकांचा आक्षेप असा की, बोल्ट आधीच ठोकलेले असता त्यात पराक्रम तो कसला? हा आक्षेप अज्ञानमूलक आहे. बोल्टाला धरून वर जाणे या खेळात निषिद्ध होय. चढावयाचे ते केवळ खडकावर, आपल्या बोटांच्या व पायांच्या बळावर. बोल्ट आहे तो पडणाऱ्यास झेलण्यासाठी. तोही एकटा झेलीत नाही. शेवटच्या कडीच्या वर तीन फूट गेलेला मनुष्य सुटला, तर निदान सहा फूट खाली येतो, आणि त्यात दोराची ढील व नायलॉनचा ताण यांची भर पडते. ताण हवाच, नाही तर शरीरास जबर हिसका बसेल. पण ढील किती ठेवावी हे सर्वस्वी खालच्याच्या हाती असते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. गेल्या नाताळच्या सुटीत, पालकांची लेखी संमती घेऊन, काही विद्यार्थ्यांसह मी बदामीस गेलो होतो. बदामी आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. १९५६ पर्यंत ती मुंबई राज्यात मोडत असे, आणि १७८६ साली तेथील किल्ला मराठ्यांनी टिपूकडून जिंकून घेतला होता. चालुक्यांनी सहाव्या शतकात तेथील तांबड्या वालुकाश्मात लेणी कोरविली, आणि त्यांच्या समोरच अगस्त्य तीर्थ नावाचा मोठा तलाव आहे. गावाच्या आसपासच्या कड्यांवर बोल्ट लावलेले अनेक मार्ग आहेत. त्यांपैकी एका आखूड मार्गावर नववीतील एक मुलगा चढत होता आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दोर माझ्या हाती होता. संध्याकाळचे ऊन तलावावर पसरले होते. मी क्षणभर तिकडे पाहिले. तेवढ्यात त्याचा पाय सुटला. माझ्या हाती नको तितकी ढील साचली होती. जो मुलगा पाच-सहा फुटांत थांबावयाचा, तो दहा फूट खाली येऊन कड्यावर आदळला. गुडघा सोलवटला, एवढ्यावरच निभावले. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "काही झाले नाही, सर. तुम्ही धरले आहे म्हणूनच मी तो पाय टाकला." इतकी वर्षे मी विद्यार्थ्यांस लक्ष देण्याविषयी उपदेश करीत आलो, त्या एका वाक्याने माझा उपदेश माझ्याच पदरी घातला. प्रशिक्षकाने मला रागे न भरता दोर पुन्हा माझ्याच हाती दिला. उरलेला वेळ मी तलावाकडे पाहिले नाही.

त्या रात्री मुलाच्या आईस मीच दूरध्वनीवरून सर्व हकीकत सांगितली. "हाड मोडले असते म्हणजे?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. आमच्या रामदासपेठेत पावलोपावली रुग्णालये. तेथील रहिवाशांस हाडांची काळजी अधिक वाटावी यात नवल नाही. परंतु मातापित्यांनी याचाही विचार करावा की, चढण्याची हौस मनाई केल्याने मरत नाही. अंबाझरीच्या किंवा फुटाळ्याच्या काठी छायाचित्रासाठी निसरड्या दगडांवर उभी राहणारी आणि पाण्याने भरलेल्या जुन्या खाणींत उड्या टाकणारी मुले आपण पाहतोच. त्यांच्या कमरेला दोर नसतो, आणि असला तरी धरणारा कोणी नसतो. धोका तेथे आहे.

याचा अर्थ वाटेल त्या बोल्टावर मुलास सोपवावे, असा नाही. पोलाद गंजते, बोल्ट सैल होतात. जो हाताने हलतो त्यावर भार टाकू नये. वालुकाश्म पावसाने भिजल्यास दुबळा होतो, म्हणून तो वाळेपर्यंत थांबावे. लेण्यांच्या व मंदिरांच्या संरक्षित खडकास तर कोणीही हात लावू नये. जाणता प्रशिक्षक नसेल तर घरीच राहावे.

आपल्या नागपुरास उंच कडे लाभले नाहीत. सीताबर्डीची टेकडी लहान, आणि तिच्यावरील किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. तथापि आरंभ करावयास कडा लागतच नाही. प्रशिक्षकाच्या नजरेखाली शाळेच्या आवारात मजबूत आधारावरून वाळूचे पोते टांगावे, ते अवचित सोडावे, आणि मुलांनी पाळीपाळीने दोर धरून ते थांबवावे. गाठ बांधणे, ती परस्परांनी तपासणे व पोते झेलणे एवढे जमल्यावाचून कोणासही भिंतीवर चढू देऊ नये. पुढे शाळेस कृत्रिम भिंत उभारता आली तर उत्तमच.

विद्यार्थिमित्रहो, वर चढणाऱ्याचे छायाचित्र सर्वजण काढतात. खाली मान वर करून उभा असलेला त्यात बहुधा येत नाही. परंतु आपले मूल वर असता प्रत्येक आई प्रथम त्यालाच शोधील. तुमच्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी त्याच्या जागी उभे राहावे, आणि तेथे असेपर्यंत नजर ढळू देऊ नये.