भोंगा थांबला, पण कागद कुठे गेला?

मिलच्या वस्तीच्या आठवणी निघाल्या की आमची वडीलधारी माणसे हळवी होतात. पहाटेचा भोंगा, नळावरची रांग, पगाराच्या दिवशीची भजी, चौदा एप्रिलची मिरवणूक. वसमत, हिंगोली, कळमनुरीकडची किती तरी माणसे नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या आधाराने जगली. माझे आजोबा निजामाच्या राजवटीत गाव सोडून तिथे गेले. गावकीची कामे आणि येसकरकी नको, घामाचा रोख पगार हवा, एवढाच त्यांचा हिशेब. पुढे थोरले चुलतेही त्याच मिलमध्ये लागले. लहानपणी आम्ही मीटरगेजच्या गाडीने पूर्णेमार्गे त्यांच्याकडे जायचो. खोली एक, माणसे नऊ. पण त्या गल्लीत कोणी 'तू कोणाचा?' असे विचारून उंबऱ्याबाहेर उभे करत नव्हते. आज मिल बंद आहे.

या आठवणी गोड आहेत, पण नुसत्या गोड आठवणींनी समाजाचे भागत नाही. वकिलीत मला रोज एक गोष्ट दिसते. आमच्याकडे आठवणी आहेत, कागद नाहीत.

महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्यात (२००१ चा अधिनियम २३) कलम ८ आहे. जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याकडे खासरा आहे, सातबारा आहे. भूमिहीन मिल मजुराने काय दाखवायचे? माझ्या पुतणीचा वैधतेचा अर्ज असाच त्रुटीत निघाला. आजोबांचे उर्दू कागद पत्र्याच्या पेटीत होते. घर आवरताना ते रद्दीत गेले. आम्हीच घातले! शेवटी मिलच्या वस्तीजवळच्या शाळेत चुलत्यांची १९४७ ची प्रवेश नोंद सापडली. नाव, बापाचे नाव, जात. त्या एका ओळीवर पोरीचा प्रवेश वाचला. त्या दिवशी मला कळले की ती गल्ली म्हणजे आमचा सातबारा होता.

मुंबईचेच पाहा. बाबासाहेब १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे परळच्या बीआयटी चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारी राहिले. त्यामुळे त्या चाळीची नोंद इतिहासात राहिली. पण 'गिरणगावात सगळे कामगार एक होते' असे जे आज सांगितले जाते, ते अर्धे खरे आहे. कापड खात्यात पगार जास्त, आणि तिथेच अस्पृश्यांना मज्जाव! का? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. त्याच बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी काळ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर संप केला. एकजूट हवी, पण ती जात झाकून नको, हा तो धडा आहे. आठवण सांगताना नळावरची रांग सांगा, आणि त्या रांगेत कोण कुठे उभा होता तेही सांगा.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात माणूस जातो, याचा आनंदच आहे. चाळी जपा असे मी म्हणत नाही. गरिबीचे संग्रहालय करून त्यात गरिबालाच राहायला सांगणे हा पोटभरल्यांचा उद्योग आहे. चाळ जाऊ द्या, पण चाळीची साक्ष राहिली पाहिजे. मुंबईवर निदान पुस्तके झाली. आमच्या मराठवाड्यातल्या मिल, जिनिंग, प्रेसिंगच्या वस्त्यांवर किती पाने आहेत?

२०२३ मध्ये न्या. शिंदे समितीने मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे तपासली. जुना कागद म्हणजे हक्क, हे त्यानंतर साऱ्या महाराष्ट्राला कळले. मग आमचे दप्तर कोण तपासणार? १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यात उस्मानशाही मिलही होती. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांचे अभिलेख हे १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली येतात. ते नियमबाह्य नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हजेरीपट आणि सेवापुस्तके कुठे आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. वस्तीवस्तीतल्या कार्यकर्त्यांनी हा अर्ज करावा. जुन्या शाळांतून प्रवेश निर्गम उतारे काढून ठेवावेत. मिलचा पास, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी, जुने रेशनकार्ड रद्दीत घालू नये. आणि प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार म्हाताऱ्या कामगारांसाठी ठेवावा. ते बोलतील, पोरांनी मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे.

माझे चुलते आता ऐंशीच्या पुढे आहेत. अजूनही पहाटे भोंग्याच्या वेळेला त्यांना जाग येते. परवा मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसलो, तर म्हणाले, "इतकी वर्षं कोणी इचारलंच नाही रे." बांधवांनो, तुमच्या घरातल्या माणसाला आजच विचारा.

जयभीम!