तुम्ही यांच्या कोण?

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. फराळाचे ताट शेजारी आहे, पोरे अंगणात लवंगी माळ उडवीत आहेत, आणि हे मास्तर कायद्याच्या गोष्टी काढून बसले! पण हा विषय मला सुचला तोच मुळी पाडव्याच्या दिवशी. पाडवा हा नवराबायकोचा सण. घरोघरी पाट मांडतात, बायको नवऱ्याला ओवाळते, तो तबकात ओवाळणी घालतो. आमच्या गल्लीत एका घरी मात्र दोन बायका एकमेकींना ओवाळीत. आम्ही शेजारी ते पाहत होतो, आणि न पाहिल्यासारखे करीत होतो.

त्या दोघी माझ्याच पेशातल्या. धाकट्या बाईंना विचारूनच हे लिहीत आहे. नावे मात्र देत नाही. मोठ्या बाई गणित शिकवीत, धाकट्या बाई मराठी. ३१ वर्षे त्यांनी एका छपराखाली संसार केला. संसार हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. दळण कोणी आणायचे, कोणाच्या हातची चकली खुसखुशीत होते यावरून रुसवेफुगवे, आजारपणात रात्र रात्र उशाशी बसणे, याला दुसरा शब्द मला ठाऊक नाही.

चार वर्षांपूर्वी एका रात्री मोठ्या बाईंच्या छातीत कळ आली. मी रिक्षा आणली. इस्पितळात ऑपरेशनच्या कागदावर सही हवी होती. खिडकीतल्या कारकुनाने धाकट्या बाईंना विचारले, "तुम्ही यांच्या कोण?"

बाई क्षणभर थांबून म्हणाल्या, "आम्ही एकत्र राहतो."

"तसे नव्हे हो, नात्याने कोण? घरचे कोणी असेल तर बोलवा."

मला राहवले नाही. पुढे होऊन म्हणालो, "मी भाचा," आणि सही ठोकली. मी भाचा नव्हे, शेजारचा मास्तर! माझे खोटे दोन मिनिटांत चालले. त्यांचे ३१ वर्षांचे खरे चालले नाही.

मोठ्या बाई वाचल्या नाहीत. घर त्यांच्या एकटीच्या नावावर. मृत्युपत्र केलेले नव्हते. आपल्यापैकी तरी कितीजणांनी केले आहे? तेराव्याच्या आत खरा भाचा आला. दहा वर्षांत त्याने त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तो दुष्ट होता असे मी म्हणणार नाही. कायद्याने जे त्याचे, ते त्याने मागितले. धाकट्या बाई दोन पिशव्या आणि मोठ्या बाईंचा चष्मा घेऊन भाड्याच्या खोलीत गेल्या.

मी चित्रकलेचा मास्तर. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. पण त्यानंतर चरफडत कायदा वाचला. १९५६ चा हिंदू वारसा कायदा पाहा. स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर मुले आणि नवरा, मग नवऱ्याचे वारस, मग आईबाप, बापाचे वारस, आईचे वारस, अशी रांग लागते. रांगेत कोणीच नसेल तर मालमत्ता सरकारजमा होते. म्हणजे त्या रांगेत सरकारलाही जागा आहे. धाकट्या बाईंना शेवटचीसुद्धा नाही!

कोणी म्हणेल, आता तर न्यायालयाने सारे मोकळे केले ना? केले ते एवढेच, की ६ सप्टेंबर २०१८ पासून दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेले प्रेम हा गुन्हा राहिला नाही. गुन्हा नसणे वेगळे आणि नाते असणे वेगळे. चोर नाही म्हणून सोडून दिलेल्या माणसाला आपण घरचा म्हणत नाही. पुढे विवाहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा धाकट्या बाई रोज वर्तमानपत्र आधी माझ्याकडून मागून नेत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, असे पाचही न्यायाधीशांनी म्हटले. कायदा करणे हे संसदेचे काम ठरले.

त्यानंतर सरकारी समिती नेमली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थखात्याने खुलासा केला की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडता येईल, एकमेकांना नॉमिनी करता येईल. छान झाले. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानेच १९८३ साली विम्याच्या आणि २०२३ साली शेअर्सच्या खटल्यात सांगितले आहे. नॉमिनीने पैसे हाती घ्यायचे, ते वारसांचे म्हणून. लाडवांचे ताट हाती द्यायचे आणि सांगायचे की हे भाच्याकडे पोचते करा, त्यातला हा प्रकार.

मग मृत्युपत्र करावे, असा शहाणा सल्ला मिळतो. जरूर करावे. पण मृत्युपत्र बोलते ते माणूस गेल्यावर. कारकून विचारतो तो माणूस जिवंत असताना. आणि जे तुम्हांआम्हांला विवाह नोंदणीच्या एका सहीने मिळते, त्यासाठी त्यांनी दहा ठिकाणी दहा कागद का करावेत?

राहिला संस्कृतीचा मुद्दा. हे पाश्चात्त्य थेर आहे म्हणतात. पण याला गुन्हा ठरवणारे कलम १८६० साली इंग्रजांनीच लिहिले. आणि तैवानने २०१९ मध्ये असे विवाह मान्य केले, थायलंडचा कायदा जानेवारी २०२५ मध्ये अंमलात आला. ही काही विलायतेतली उदाहरणे नव्हेत. समाज तयार नाही, हे तर आपले जुने पालुपद. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केले, तेव्हाही मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलेच! समाज तयार होईपर्यंत कायदा थांबला असता, तर कर्व्यांचे लग्न कायद्याने लग्नच ठरले नसते. धर्म बुडणार अशी तेव्हाही ओरड होती. धर्म बुडाला नाही. आपल्या पणज्या मात्र वाचल्या.

गेल्या पाडव्याला फराळाचा डबा घेऊन धाकट्या बाईंच्या खोलीवर गेलो होतो. पाटावर तो चष्मा होता आणि पुढे निरांजन. बाई म्हणाल्या, "मास्तर, मला घर नको होते हो. त्या रात्री खिडकीशी माझे नाते मला सांगता आले असते, तर पुरे होते."

वाचकहो, मी दया मागत नाही. दया करायला आपण कोण? न्यायालयाने हे काम संसदेकडे सोपवले आहे, आणि संसदेत माणसे आपल्याच मतांवर जातात. पुढच्या खेपेस मते मागायला कोणी दारात येईल. त्याला चहा द्या, उरला असेल तर चिवडाही द्या, आणि विचारा: धाकट्या बाई मोठ्या बाईंच्या कोण होत्या? उत्तर मिळेपर्यंत त्याला उठू देऊ नका.