साहेब, तेवढं लेखी द्या

“मी असं कधी म्हणालो?” अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या पतसंस्थेचे चित्र डोळ्यांपुढे आणा. अपुऱ्या कागदांवरच कर्जाची फाइल पुढे सरकवायला व्यवस्थापक तोंडी सांगतो, आणि लेखापरीक्षकाने बोट ठेवले की कारकुनाला चारचौघांत हेच वाक्य ऐकवतो. वर “हल्ली तुमचं लक्ष नसतं, घरी काही टेन्शन आहे का?” अशी काळजीही दाखवतो. एकदा घडले तर विसर म्हणू. पण विसर दर वेळी साहेबाच्याच सोयीचा पडू लागला आणि कारकुनाला स्वतःच्या डोक्याचा भरवसा वाटेनासा झाला, की ते गॅसलायटिंग. खडूस साहेब वेगळा. तो झापतो, पण घडलेले नाकारत नाही.

यावर ‘मन खंबीर करा’ हा सल्ला फुकट मिळतो आणि तेवढ्याच किमतीचा असतो. हा प्रश्न मनाच्या आधी दप्तराचा आहे. गोपनीय अहवालातला शेरा सरकारी कर्मचाऱ्यापासून लपवला तर त्याला दाद मागायची संधीच उरत नाही, म्हणून प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देवदत्त प्रकरणात २००८ साली सांगितले. २०१३ साली टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात त्याच न्यायालयाने अधिकाऱ्यांना तोंडी आदेशांची नोंद ठेवायला बजावले. आयएएस अधिकाऱ्यालाही तोंडी आदेश गोत्यात आणतो, मग कारकुनाचे काय? दप्तरातला कागद मागायचा मार्ग माहिती अधिकाराचा, आणि महाराष्ट्रात त्यासाठी राळेगणसिद्धीतून लढा उभा राहिला तो याच जिल्ह्यात. पण सहकारी संस्था सहसा त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे. तिथल्या निव्वळ मानसिक छळासाठी वेगळा कायदा नाही.

कोणी म्हणेल, सगळेच कागदावर आले तर विश्वास कुठे उरला? सहकारात तर माणसे नात्यागोत्याची. उलट, नाते असते तिथेच “तू मला खोटं पाडतोस?” हे शस्त्र जास्त चालते. आणि खरोखर विसरणाऱ्या प्रामाणिक साहेबालाही नोंदीचा आधारच होतो. दुसरा आक्षेप जड आहे: लेखी मागितले तर नोकरी जाईल. जाऊ शकते. म्हणून मागण्यापेक्षा आपणच कळवावे. “साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे फाइल आज पुढे पाठवत आहे, उत्पन्नाचा दाखला बाकी आहे,” एवढा व्हॉट्सअॅप मेसेज पुरे. सूड घ्यायचाच ठरवलेल्या साहेबाला तो थोपवणार नाही, पण काय घडले याबद्दल कारकुनाच्या मनात शंका उरणार नाही.

तरीही हे ओझे एकट्या कारकुनावर टाकणे न्याय्य नाही. तोंडी आदेश त्याच दिवशी लेखी पक्का व्हावा आणि तसा आग्रह धरणाऱ्याला त्यापायी मेमो मिळू नये, असा ठराव पतसंस्थांच्या आणि साखर कारखान्यांच्या सभासदांनी येत्या वार्षिक सभेत मांडावा.