गोळी कुणाच्या मापाची?

वडूजच्या बौद्धवाड्यातली बाई डोळ्यांपुढं आणा. खटावचा दुष्काळ, हातात खुरपं, पोरगा मुंबईला. छातीत गाठ लागते. दुखत नाही, म्हणून ती पदराआड ठेवते. वाढली की सातारा, कराड, शेवटी परळचं टाटा. गिरण्या गेल्या, परळचा फूटपाथ तेवढा आपल्या वाट्याला राहिला.

आता पेपरात येतं, कॉम्प्युटरनं स्तनाच्या कॅन्सरचं औषध शोधलं. शोधलं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, नाहीतर नवा गंडादोरा गळ्यात पडेल. कॅन्सरच्या पेशीत काही प्रथिनं वाढ थांबूच देत नाहीत. अशा प्रथिनाला खाच असते. लाखो रेणू कॉम्प्युटरवर त्या खाचेत बसवून बघायचे, कुठला घट्ट बसतो. कुलूप-किल्लीच. पण बसला म्हणजे औषध झालं नाही. पुढं पेशी, उंदीर, मग माणसं; बहुतेक रेणू वाटेतच बाद. तरी 'हळदीतला रेणू बसला' एवढं छापून आलं की भोंदू वैद्याचं दुकान चालू! बाई सहा महिने काढा पिते, गाठ पसरते. हा खूनच आहे.

दुसरं दुकान मोठं. रायबोसायक्लिब ही गोळी सीडीके-४ आणि सीडीके-६ ही प्रथिनं अडवते. २०२२ साली एक बाई केरळ हायकोर्टात गेली. या गोळीचा महिन्याचा खर्च तेव्हा ५८ हजारांवर होता. सक्तीचा परवाना द्या, म्हणाली. निकालाआधी ती मेली. २०१२ साली नॅटकोला असाच परवाना मिळाला, तेव्हा सोराफेनिबचा महिन्याचा भाव २,८०,००० वरून ८,८८० वर आला. २०२३ च्या जानेवारीत पाल्बोसायक्लिबचं पेटंट संपलं, भाव धाडकन खाली. रेणू तोच, कारखान्याची भट्टी तीच. मग आधीचा पैसा कशाचा होता?

पुण्यात सीडॅकनं 'परम' १९९१ साली उभा केला, जनतेच्या पैशावर. अशा सरकारी यंत्रावर सापडलेला रेणू कुणा शेठच्या तिजोरीत जाता कामा नये. आपल्या पोरापोरींनी त्या यंत्रापुढं बसलं पाहिजे, नुसतं बाहेर घोषणा देऊन भागायचं नाही.

आणि कॉम्प्युटरची वाट बघत बसायचंही कारण नाही. टाटानं मुंबईत दीड लाखावर बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला, २०२१ साली छापला. शिकवलेल्या आरोग्यसेविकेनं दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं, तर पन्नाशीपुढच्या बायकांचे या रोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. हातानं!

कलम ८४ ची मागणी दिल्लीकडे जाईल. आशाताईंना हे शिकवा, वस्तीत तपासणी लावा, ही मागणी घेऊन वडूजच्या तहसील कचेरीवर चला. तिथं मोर्चा नवा नाही. १९४२ च्या ९ सप्टेंबरला नऊ जण गोळीनंच पडलेत.